चांगुणाबाईची पात

कांद्याची लागवड सुरू झाली, की पारनेरच्या त्या पट्ट्यातले बागायतदार विहिरीतलं पाणी बघायच्या आधी चांगुणाबाईला फोन लावतात. टोळ्यांना काही तोटा नाही. दर वस्तीला एक मुकादमीण आहे आणि दर मुकादमिणीच्या मते तिच्यासारखं काम पंचक्रोशीत कुणाचं नाही. पण चांगुणाबाईच्या टोळीची गोष्टच निराळी. तिची बाई एकदा पातीला बसली की मधे उठत नाही. सकाळी बसली की दुपारच्या भाकरीला उठणार, आणि भाकर खाऊन बसली की दिवस कलल्यावर. दुसऱ्या टोळ्यांत कुणी तंबाखू मळतं, कुणी पोराचा फोन घेतं, कुणी ऊन लागलं म्हणून लिंबाखाली टेकतं. इथे ते चालत नाही. चालत नव्हतं, असं म्हणायला हवं, कारण पुढची सगळी हकीकत त्याचीच आहे.

पात म्हणजे काय, हे ज्यांनी कांदा फक्त भाजीत पाहिलाय त्यांना सांगायला पाहिजे. वाफा भिजवतात. बाया त्यात एका ओळीत बसतात, हातात रोपाची जुडी घेतात आणि लावत लावत मागे सरकतात. प्रत्येकीच्या समोर जो पट्टा येतो ती तिची पात. एखादी उठून गेली तर बाकीच्या मागे सरकत राहतात आणि तिचा पट्टा तेवढा उघडा पडतो. काम उक्तं घेतलेलं असतं, म्हणजे जेवढं रान लावू तेवढे पैसे, आणि ते सगळ्यांत सारखे वाटायचे. त्यामुळे उठणारी बाई सगळ्यांच्या डोळ्यांवर येते.

बायडाबाई एकदा उठली होती. टोळीतली जुनी बाई, हाताने चपळ, तोंडाने गरीब. ती लांब ओढ्यापर्यंत गेली, कारण त्या सपाट रानात आडोसा म्हणावा असं झुडूपसुद्धा नव्हतं. परत येईपर्यंत तिची पात उघडी पडली. चांगुणाबाईने मान वर न करता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बायडे, तुझ्या पातीत आता बैलगाडी वळवता यील." बाया खो खो हसल्या. बायडाबाईही हसली, पण त्या दिवसापासून तिने रानात पाणी प्यायचं सोडलं. तिचं बघून दुसरीने सोडलं, मग तिसरीने. कुणी नियम केला नाही, पण नियम झाला. शेतमालक बांधावर पाण्याचा जार आणून ठेवायचा आणि संध्याकाळी भरलेलाच परत न्यायचा. चांगुणाबाईला त्याचा अभिमान होता. नवरा अकाली गेल्यावर तिने ही टोळी शून्यातून उभी केली होती, आणि टोळीचं नाव या न उठण्यावर उभं होतं.

न उठण्याचं फळ प्रत्येकीला मिळत होतं. उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, ओटीपोटात ठणका, थेंब थेंब होणं. बायका एकमेकींना डोळ्यांनी सांगायच्या. आधी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मग कुणीतरी मेडिकलमधून गोळ्या आणायची. दोन दिवसांत जळजळ थांबायची, आणि थांबली की गोळ्याही थांबायच्या. उरलेल्या गोळ्या जायच्या चांगुणाबाईच्या चंचीत.

ही चंची तिच्या सासूची. कापडी, कप्प्याकप्प्यांची, पान-सुपारी ठेवायची. चांगुणाबाई पान खात नाही, म्हणून तिने कप्प्यांत गोळ्या भरल्या होत्या. एका कप्प्यात पिवळ्या, दुसऱ्यात तांबड्या, तिसऱ्यात त्या मोठ्या पांढऱ्या, ज्या टोळीतल्या भामाबाईच्या लेकाने नगरहून आणल्या होत्या. कुणाला उन्हाळी लागली की तिने यायचं, चंची उघडायची, दोन-चार गोळ्या हातावर पडायच्या. तिच्या गोळ्या उरल्या तर त्या परत चंचीत. यात कुणाची लबाडी नव्हती. भाकरीचा तुकडा खाली पडला तरी कपाळाला लावणाऱ्या या बायका, त्या गोळी कशाला फेकतील? उलट चांगुणाबाईच्या मोठेपणाला या चंचीने शोभाच आणली होती. मुकादमीण असावी तर अशी, लोक म्हणायचे.

तिची सून रेश्मा बेलापूरकडची. पाटाच्या पाण्यावर वाढलेली पोर, आल्या आल्या तांब्याने घटाघटा पाणी प्यायची. टोळीत बसायला लागली तशी तीही शिकली. मुकादमिणीची सूनच जर उठली तर बाकीच्यांनी काय करायचं? हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही. तिला आपसूक कळलं. सुना हुशार असतात, त्यांना नको ते आधी कळतं.

या लागवडीच्या हंगामात रेश्माला सहावा महिना लागला होता. आदिनाथ, म्हणजे चांगुणाबाईचा लेक, पिकप चालवायचा आणि टोळीला रानोरान पोचवायचा. तो म्हणाला होता, तिला घरी ठेवू. पण रेश्माच म्हणाली, बसून करायचं काम आहे, येते. मग एक दिवस तिने सासूला हळूच सांगितलं, "आत्याबाई, उन्हाळी लागलीया."

चंची उघडली. पिवळ्या गोळ्यांनी दोन दिवसांत बरं वाटलं. आठवड्याच्या आत जळजळ परत आली. मग तांबड्या. या वेळी बरं वाटायला वेळ लागला आणि बिघडायला मुळीच लागला नाही. मग पांढऱ्या. चांगुणाबाईला थोडं नवल वाटलं, पण काळजी वाटली नाही. तिच्या हिशेबी आजाराला फक्त जास्त चिवट गोळी हवी होती.

उत्तमरावांच्या रानात ते फुटलं. उत्तमराव त्या भागातले मोठे बागायतदार, त्यांचं काम म्हणजे चांगुणाबाईच्या हंगामाचा कणा. डोक्यावर ऊन चढलं होतं, आणि शेजारच्या पातीत बसलेली रेश्मा थंडीने कुडकुडत होती. दात वाजत होते. एक हात कमरेवर दाबलेला, दुसऱ्या हाताने रोप लावणं चालूच.

"रेश्मे, काय हुतंय?"

"काय न्हाई. एवडी पात पुरी करते, आत्याबाई."

आणि तिने खरंच पुरी केली. शेवटचं रोप दाबलं आणि तिथेच चिखलात वांती करून आडवी झाली. चांगुणाबाईने तिला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. तेवढ्यात तिची नजर रेश्माच्या पातीवर गेली. सरळ, भरलेली, एक रोप इकडचं तिकडे नाही. आयुष्यभर तिने अशा पातीचं कौतुक केलं होतं. त्या क्षणी मात्र तिला त्या पातीची भीती वाटली.

आदिनाथने पिकप थेट नगरला सरकारी दवाखान्यात नेला. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, विजयमाला नावाच्या. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, लघवी तपासायला पाठवली आणि सासूला बाजूला घेतलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले आहेत. ते रक्तात उतरले तर आईला धोका, आणि तापामुळे वेळेआधी कळा सुरू झाल्या तर बाळ हाती लागणं अवघड. डॉक्टरीणबाईंनी गोड करून सांगितलं नाही, आणि चांगुणाबाईला ते आवडलं.

"आतापर्यंत कोणत्या गोळ्या दिल्या?"

चांगुणाबाईने कनवटीची चंची काढली आणि टेबलावर पालथी केली. पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, काही इतक्या जुन्या की वरची अक्षरं पुसलेली. डॉक्टरीणबाईंनी एकेक पट्टी उचलून उजेडात धरून पाहिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासणीचं कळायला वेळ लागला. तोवर त्यांनी अंदाजाने एक औषध सुरू केलं होतं, त्याने ताप हलला नाही. मग एके सकाळी त्यांनी चांगुणाबाईला बोलावून मोबाईलमधला एक फोटो दाखवला. काचेची गोल ताटली, तीत रेश्माच्या लघवीतले जंतू वाढवलेले, आणि त्यावर ठिकठिकाणी औषधांच्या बारीक टिकल्या ठेवलेल्या. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल पडतो. ताटली जवळजवळ सगळी भरलेली होती. दोन टिकल्यांभोवती तेवढे गोल होते.

"मावशी, तुमच्या चंचीतली एकही गोळी आता या जंतूंना मारत नाही. उरलीत ती दोनच औषधं, आणि ती शिरेतून द्यावी लागतात."

"पन गोळ्यांनी बरं वाटत हुतं की तिला. आमाला समद्यांनाच वाटायचं."

"नाजूक होते ते मेले, म्हणून बरं वाटलं. चिवट होते ते राहिले. गोळ्या तिथेच थांबवल्या, की रान त्यांना मोकळं. तेच वाढले. आणि हे जंतू माणसाच्या पोटात राहतात, हातातून, पाण्यातून एकीचे दुसरीला जातात."

चांगुणाबाई फोटोकडे बघत राहिली. तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तणनाशक पातळ मारलं की घोळ जळते आणि लव्हाळा राहतो, आणि पुढच्या साली रानभर लव्हाळाच दिसतो. असल्या शेतकऱ्याला ती तोंडावर हसत आली होती. आता कळलं, की एवढी वर्षं ती स्वतः बायांच्या पोटात तेच करत होती, आणि वर चार लोकांत मान मिळवत होती. तिला लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि राग आला की चांगुणाबाई रडत नाही, कामाला लागते.

"ह्या सुया किती दिवस द्यायच्या?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग त्यांनी उलटा प्रश्न केला, "दिवसभर रानात असता, लघवीला कुठे जाता?"

"जात न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. आणि ते म्हणताना पहिल्यांदाच त्यात अभिमान नव्हता.

नव्या सुयांनी ताप उतरला. रेश्मा उठून बसली, तिने चहा मागितला, पोटात पोर लाथा मारतंय म्हणून हसली. आणि खरी लढाई तिथून सुरू झाली, कारण बरं वाटलेलं माणूस दवाखान्यात ठेवणं म्हणजे वासराला दोरीवाचून उभं करणं. रेश्माला घर आठवायला लागलं. आदिनाथ तर पिकप दारात लावूनच आला.

"आई, चल आता. ताप न्हाई, काय न्हाई. उत्तमरावांचा रोज फोन येतोय. रोप जून व्हायला लागलंय म्हनत्यात. चार सुया राह्यल्या तर काय आभाळ कोसळतंय?"

"न्हाई जायचं."

"अगं पन बरी झालीया ती."

"बरं वाटतंय आन बरी झालीया, ह्यात फरक हाय. उरलेल्यानंच नडलंय आपल्याला, आदिनाथ. आता काय बी उरवायचं न्हाई."

फोन परत वाजला. उत्तमराव. चांगुणाबाईने तो सगळ्यांसमोर घेतला.

"चांगुणाबाई, वाफे भिजवून ठिवलेत. टोळी उद्या पाठवनार का न्हाई?"

"न्हाई जमायचं. सुनंच्या सुया पुऱ्या व्हईस्तोवर मी हितून हालनार न्हाई. रोप थांबत नसंल तर दुसरी टोळी बघा."

दुसरी टोळी बघा, हे शब्द चांगुणाबाईच्या तोंडून उत्तमरावांनी कधी ऐकले नव्हते. तिनेही नव्हते. एकदा हातचं गेलेलं रान परत मिळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ती खाटेच्या पायथ्याशी पाय पसरून बसली ती बसलीच. रेश्माने चुळबुळ केली की म्हणायची, "पात अर्ध्यात सोडायची न्हाई, पोरी. तूच दावलंस मला."

सुया संपल्या. लघवी परत तपासली, जंतू नव्हते. बाळाचे ठोके डॉक्टरीणबाईंनी दोघींना ऐकवले. निघताना चांगुणाबाईने चंचीतल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली केल्या. तिथल्या तिथे कचऱ्यात टाकू का, असंही तिने आधी विचारलं, आणि नको म्हटल्यावर निमूट दिल्या. रिकामी चंची मात्र तिने कनवटीला परत खोचली. सासूची होती.

घरी आल्यावर आठवडा गेला नाही तोच भामाबाई आली. टोळीतली वयाने सगळ्यात थोरली. चांगुणाबाईला नावाने हाक मारणारी तीच एक.

"चांगुणे, चंची उघड बरं. लई जळतंय."

चांगुणाबाईने उघडून दाखवली. आत लवंगसुद्धा नव्हती.

"ह्ये काय गं?"

"न्हाई द्यायच्या आता. उद्या माझ्यासंगं दवाखान्यात चल. आधी लघवी तपासायची, मग ते देतील ती गोळी खायची. समदी."

"अगं पर तुज्या गोळ्यांनी आमी एवडी वर्सं…"

"त्याच गोळ्यांनी माझी सून मरत हुती, भामाबाई."

भामाबाई चिडली. नगरला चार दिवस राहून आली आणि लई शानी झाली, असं तिने वस्तीभर सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई तिच्या दारात उभी राहिली आणि आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तपासणीत भामाबाईला चालणारी एक गोळी निघाली. जळजळ थांबली तशी तिने सवयीने पाकीट उशाखाली सारलं. पण रोज सकाळी पिकपमध्ये सगळ्या बायांसमोर चांगुणाबाई हात पुढे करायची, "पाकीट दाव." आणि भामाबाई शाळेतल्या पोरीगत चडफडत गोळी गिळायची. पाकीट रिकामं झालं तेव्हा तिने ते चांगुणाबाईच्या मांडीवर फेकलं. "घे. ठिव तुज्या चंचीत."

उत्तमरावांनी अर्धं रान दुसऱ्या टोळीकडून लावून घेतलं होतं. राहिलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी चांगुणाबाईला बोलावलं, ते तिच्यावरच्या मायेने नव्हे. दुसऱ्या टोळीची लावणी विरळ पडली होती म्हणून. त्या दिवशी पिकपमध्ये रेश्मा नव्हती, ती घरी होती. तिच्या जागी चार बांबू होते, हिरव्या शेडनेटचा तुकडा होता, दोन जुन्या साड्या होत्या. चांगुणाबाईने रानात उतरल्या उतरल्या आदिनाथकडून बांधाच्या कडेला बांबू रोवून घेतले, नेट गुंडाळलं, आतून साड्या लावल्या, पाण्याची बादली ठेवली. उत्तमराव बांधावर उभे राहून बघत होते.

"चांगुणाबाई, तमाशाचा तंबू ठोकलाय का?"

"व्हय. तिकीट न्हाई, पन गड्यांना बंदी हाय."

मग तिने बायांना समोर बसवून पहिल्यांदा जारमधलं पाणी प्यायला लावलं. स्वतः दोन तांबे प्यायली. जिला जायचं तिने खुशाल उठायचं, कुणी हसणार नाही, कुणी बोलणार नाही, असं तिने बजावून सांगितलं. बाया हो म्हणाल्या आणि पातीला बसल्या.

आणि एकही उठली नाही.

ऊन वर आलं. बाया लावत होत्या, मागे सरकत होत्या. तरण्या पोरी मांड्या आवळून बसल्या होत्या हे चांगुणाबाईला दिसत होतं, पण प्रत्येक बाई शेजारणीकडे बघत होती. बांधावर उत्तमराव होते. आडोसा होता, पाणी होतं, परवानगीही होती. नव्हती फक्त पहिली उठणारी बाई. मग चांगुणाबाईला उमगलं, की नियम तिने सांगून केला नव्हता, त्यामुळे तो सांगून मोडणारही नव्हता. तो तिच्या न उठण्याने झाला होता.

तिने हातातली जुडी चिखलात टेकवली. गुडघ्यांवर हात ठेवून ती उभी राहिली. ओळभर हात थांबले. एवढ्या वर्षांत त्या बायांनी आपली मुकादमीण दुपारच्या आधी उभी पाहिली नव्हती. आडोसा काही लांब नव्हता, पण ती वाट चांगुणाबाईला फार जड गेली. पाठीवर सगळ्यांच्या नजरा होत्या आणि तिला आपलंच जुनं वाक्य ऐकू येत होतं, बैलगाडी वळवता यील. तरी ती मान ताठ ठेवून, पदर सावरून, बांधावरच्या माणसाच्या समोरून चालत गेली.

परत येताना तिने लांबूनच आपली पात शोधली. ओळीत उघडा पट्टा कुठे दिसतो ते बघत ती वाफ्यापर्यंत आली. पट्टा दिसेना. रोपं सारखी उभी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या जागेच्या शेजारी बायडाबाई बसली होती, दोन्ही हातांत दोन जुड्या, आणि एकदा आपल्या पातीत, एकदा चांगुणाबाईच्या पातीत लावत होती.

बायडाबाईने मान वर केली नाही. "बसा," ती म्हणाली.

चांगुणाबाई बसली. बायडाबाईने हातातल्या दोन्ही जुड्या तिच्या हातात दिल्या आणि पदर झटकून उभी राहिली.

"आता माझी धरा. मी जाऊन येते."

चांगुणाबाईने दोन्ही पाती धरल्या.